सत्याची दोन कामे

यरुशलेमच्या मंदिरात, मंडपांच्या सणाच्या सुमारास झालेला एक वाद योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आला आहे. येशू अंगणात शिकवत होता. त्याच्यावर नुकताच विश्वास ठेवू लागलेली काही यहुदी माणसे समोर होती. माझी शिकवण धरून राहिलात तर सत्याची ओळख पटेल आणि त्या ओळखीतूनच तुमची सुटका होईल, अशा अर्थाचे तो त्यांच्याशी बोलला. ऐकणाऱ्यांना त्यात आश्वासनापेक्षा अपमानच जास्त दिसला. आम्ही अब्राहामाचे वंशज, आजवर कुणाची गुलामी केलेली नाही. मग आमची सुटका कशातून करणार, असे त्यांनी उलट विचारले.

हे उत्तर थांबून ऐकण्यासारखे आहे. या लोकांचा वल्हांडण सण म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचीच आठवण. त्यांचे पूर्वज बाबेलच्या बंदिवासात पिचून आले होते. मंदिराला लागून असलेल्या आंतोनिया गढीत रोमी शिपायांचे ठाणे होते आणि सणाच्या गर्दीवर त्यांची नजर असे. तरीही आम्ही कधी गुलाम नव्हतो, हे ती माणसे मनापासून म्हणत होती. येशूने त्यांना इतिहास ऐकवला नाही. आपण रोमच्या गुलामीविषयी बोलत नसून पापाच्या गुलामीविषयी बोलत आहोत, एवढे त्याने स्पष्ट केले.

हे पुस्तक त्या प्रश्नोत्तरातून निघाले आहे. पण आधी एक खुलासा करायला हवा. याच अध्यायात पुढे जे कठोर शब्द येतात ते ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके ज्यू समाजाच्या तोंडावर फेकले. बोलणारा यहुदी होता आणि ऐकणारेही यहुदीच होते, याचा सोयीस्कर विसर पडला. ‘आम्हाला कसली सुटका हवी’ हा प्रश्न कोणत्याही देशात, कोणत्याही धर्मात आणि चर्चच्या पहिल्या बाकावर बसूनही विचारता येतो. तो एका समाजाच्या माथी मारणे ही स्वतःकडे न पाहण्याची आणखी एक युक्ती झाली.

ख्रिस्ती विचारात पापाची चर्चा नियमभंगापाशी सुरू होते, हे खरे. पण ती तेथे थांबत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा मना केलेले फळ खातात आणि त्यानंतर झाडांआड लपतात. देव विचारतो तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सापाकडे. कृत्य क्षणाचे असते. लपणे आणि बोट दाखवणे पुढे चालूच राहते. दावीद राजाची हकिकत तर याहून बोलकी आहे. त्याने उरीयाची बायको बथशेबा हिला आणवून घेतले, ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईच्या तोंडावर उभे करून मारवले आणि कारभार पुढे चालू ठेवला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो आरोपपत्र घेऊन आला नाही. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी हिसकावून पाहुण्यासाठी रांधली, एवढी गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापला, असल्या माणसाला जगायचा अधिकार नाही, असे बोलून बसला. मग नाथानाने सांगितले, की तो श्रीमंत तूच. दाविदाची न्यायबुद्धी शाबूत होती. ती फक्त स्वतःकडे वळत नव्हती. ख्रिस्ती परंपरा ज्याला पापाचे बंधन म्हणते त्याची सुरुवात इथे आहे.

सुरुवात म्हणण्याचे कारण असे, की नुसते कळल्याने बंधन तुटतेच असे नाही. आपल्याकडच्या वेदान्तपरंपरेत बंधनाचे मूळ अविद्येत आहे. ज्ञान झाले की दोरीवर भासलेला साप नाहीसा होतो. प्रेषित पौलाची अडचण वेगळी आहे. त्याला दोरी दोरीच दिसते, तरी पाय उचलत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो स्वतःच्या आतली ही ओढाताण मांडतो: चांगले काय ते ठाऊक आहे, ते करावेसेही वाटते, आणि हातून मात्र नको तेच घडते. दोष बुद्धीत असता तर उपदेश पुरला असता. पौलाच्या मते दोष इच्छेत आहे, आणि इच्छेला इच्छेनेच सोडवायला जाणे म्हणजे कैद्याच्या हाती स्वतःच्या कोठडीची किल्ली असल्याचे गृहीत धरणे होय.

या ओढाताणीचा सर्वांत बारकाईचा तपास संत ऑगस्टीन यांनी केला. त्यांचा जन्म ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तागास्ते गावी झाला. साधारण ३९७ ते ४०० या काळात त्यांनी ‘कन्फेशन्स’ लिहिले. त्यात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या पेअरच्या चोरीवर ते पानेच्या पाने खर्च करतात. भूक नव्हती, त्याहून चांगली फळे घरी होती, चोरलेली बहुतेक डुकरांना टाकली. मग चोरी का केली? चोरी करायची होती म्हणून. क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रसंगात त्यांना वाईटाची विनाकारण ओढ दिसली. पुढे ते सवयीची साखळी उलगडतात: वाकडी इच्छा वासनेला जन्म देते, वासना पुरवत गेले की सवय होते, सवयीला विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. प्रत्येक कडी आपणच घडवलेली, आणि तरी अखेरीस तुटत नाही ती साखळी आपल्याच पायात. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत ही कोंडी फुटली आणि पुढच्या वर्षी ईस्टरच्या वेळी बिशप अँब्रोझ यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ऑगस्टीन यांच्याच काळात ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलागियस या साधकाला ही मांडणी पटली नाही. देव जे करायला सांगतो ते माणसाला करता येतच असले पाहिजे, नाहीतर आज्ञेला अर्थ काय, असे त्याचे म्हणणे. रोममधल्या सुस्त, नावापुरत्या ख्रिस्ती लोकांना हलवण्याची त्याची तळमळ खरी होती. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची मते नाकारली, आणि कृपा आधी, प्रयत्न त्या कृपेने उभा राहिलेला, हा पाश्चात्त्य चर्चचा पाया ठरला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आदिपापाचा दोष वारशाने येतो या कल्पनेत फारशा शिरल्या नाहीत. त्यांच्या विचारात पाप हा मुख्यतः आजार, ख्रिस्त वैद्य आणि चर्च रुग्णालय. एकाच श्रद्धेत न्यायालयाची भाषा आणि दवाखान्याची भाषा अशा दोन्ही शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत, हे मराठी वाचकाने सुरुवातीलाच लक्षात ठेवले तर पुढचा बराच गोंधळ टळेल.

क्रुसाच्या बाबतीतही तेच. ख्रिस्ताच्या मरणाने पापातून सुटका झाली, हे सर्व मंडळ्या मानतात. ती कशी झाली, यावर प्राचीन विश्वासांगीकारांनी एकच एक सिद्धान्त बांधून दिलेला नाही. नव्या करारात गुलामाला सोडवण्यासाठी दिलेल्या खंडणीची प्रतिमा आहे, यज्ञाची आहे, न्यायालयाची आहे, शत्रूवर मिळवलेल्या विजयाचीही आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अॅन्सेल्म यांनी देवाच्या मानहानीची भरपाई म्हणून क्रुसाचा अर्थ लावला. पुढच्या शतकात आबेलार यांनी त्या मरणात दिसलेले प्रेम माणसाचे काळीज पालटते यावर भर दिला. १९३० मध्ये स्वीडनचे गुस्ताफ औलेन यांनी विजयाची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. या पुस्तकात तीन प्रकरणे या मांडण्यांना दिली आहेत. प्रस्तावनेत एवढेच सांगतो, की त्या सर्वांचा एका गोष्टीवर एकमुखी जोर आहे: सुटका बाहेरून येते आणि ती फुकट मिळते.

फुकट मिळते म्हणजे नेमके काय, यावर मात्र पश्चिमेचे चर्च दुभंगले. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. विश्वासाने मोकळा झालेला माणूस कुणाच्याही ताब्यात नसतो आणि प्रेमामुळे तो प्रत्येकाचा सेवक असतो, हा तिचा गाभा. १५४७ मध्ये ट्रेंटच्या सभेने कॅथलिक बाजू ठरवली: देव माणसाला नीतिमान ठरवतो तेव्हा तो त्याला आतून नवाही करतो, आणि त्या कामात माणसाची संमती गळून पडत नाही. या वादावरून चर्चे तुटली आणि त्याच्या नावाने युद्धेही झाली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून मूलभूत सत्यांवर आपले एकमत असल्याचे मान्य केले. पुढे मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांनीही त्याला साथ दिली. साडेचारशे वर्षांनी जमलेली ही समजूत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत विरली असली, तरी आपल्या विषयाच्या इतिहासातली ती मोठी घटना आहे.

आता ‘सत्य’ या दुसऱ्या टोकाकडे येऊ. स्वतःविषयीचे सत्य कळणे माणसाला झेपतेच असे नाही. यहूदा आणि पेत्र या दोन शिष्यांकडे पाहावे. एकाने गुरूला पैशांसाठी पकडून दिले, दुसऱ्याने भीतीपोटी तीनदा नाकारले. आपण काय केले हे दोघांनाही लख्ख कळले. यहूदा ते सत्य घेऊन याजकांकडे गेला. त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहून घे, अशा थाटात त्यांनी त्याला वाटेला लावले आणि त्याने गळफास लावून घेतला. पेत्राला पुनरुत्थित येशू गालील सरोवराच्या काठी भेटला, न्याहारी दिली आणि प्रेम आहे का, हे त्याला तीनदा विचारले. नाकारल्याचा उल्लेखही न करता प्रत्येक नकारासाठी एकेक जागा मोकळी करून दिली. सत्य दोघांपाशी होते. एकाच्या वाट्याला ते एकटेपणाने आले, दुसऱ्याच्या वाट्याला सोबतीने. योहान सत्याला तत्त्व किंवा माहिती न मानता व्यक्ती मानतो, ते यासाठी. सत्य म्हणजे काय, असे पिलाताने विचारले आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर गेला. योहानाच्या मांडणीत उत्तर त्याच्यासमोरच उभे होते.

इथपर्यंतचे विवेचन बहुतेक ख्रिस्ती ग्रंथांत या ना त्या रूपात सापडेल. मला ज्यावर भर द्यायचा आहे ते योहानाच्या पुढच्याच, नवव्या अध्यायात आहे. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आठव्या अध्यायातल्या लोकांना आपले बंधन दिसत नव्हते. नवव्यातल्या माणसावर त्याचे नसलेले पाप लादले गेले होते. दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ येतात, आणि ते एकत्र वाचले तरच सत्य आणि सुटका यांचे नाते पुरते कळते. सत्याची कामे दोन आहेत. जे पाप आपले आहे आणि आपण नाकारतो, ते कबूल करवणे हे एक. जे आपले नाही आणि आपल्या माथी मारले गेले आहे, ते उतरवणे हे दुसरे. ज्याला पहिले हवे त्याला दुसरे दिले तर तो निर्ढावतो; ज्याला दुसरे हवे त्याला पहिले दिले तर तो चिरडला जातो.

हे दुसरे काम किती मोठे असू शकते ते महाराष्ट्राला पंडिता रमाबाईंनी दाखवले. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी लिहिले, की वैधव्य हे स्त्रीच्या पूर्वजन्मीच्या घोर पापाचे फळ मानले जाते. आठ-दहा वर्षांच्या मुलीला तिने न केलेल्या, तिला न आठवणाऱ्या पापाची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन आणि नंतर केडगावला उभे राहिलेले ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान यांमागे शिक्षण, अन्न, निवारा हे सगळे होतेच. पण त्याआधी, हे तुझे पाप नव्हे, असे त्या मुलीला कुणीतरी सांगण्याची गरज होती. केडगावलाच रमाबाईंनी कृपासदनही चालवले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता.

रमाबाईंच्या स्वतःच्या वाटचालीत पहिले कामही तितकेच स्पष्ट दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला: एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यायला आपण तयार नाही, अशी त्यांची भूमिका. पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन वाचून त्यांना हे उमगले. हॅस्लम स्वतः धर्मगुरू असताना, आपलेच प्रवचन देता देता पालटलेला माणूस. सत्याचे तपशील पाठ असणे आणि सत्याने आपल्याला गाठणे यांत केवढे अंतर असते, हे इतक्या निखळपणे सांगणारे मराठी माणूस विरळाच.

या दुहेरी कामाचे भान सुटले की काय होते, याची उदाहरणे ख्रिस्ती इतिहासातच आहेत, आणि ती टाळून हे पुस्तक लिहिता आले नसते. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी माणसाला पापी म्हणणे हेच पाप असल्याचे बजावले. हा आक्षेप अनेक ख्रिस्ती लेखकांनी वरवर परतवला. वास्तविक नवव्या अध्यायाच्या बाजूने पाहिले तर विवेकानंदांच्या बोलण्यात मोठे तथ्य होते. जिंकलेल्या देशातल्या लोकांना, तुम्ही अंधारात आहात, असे ऐकवणाऱ्या प्रचारकाला ते उत्तर मिळायलाच हवे होते. आठव्या अध्यायाची बाजू मात्र त्याने पुसली जात नाही. आपण बांधलेले आहोत हे ओळखणे आणि आपण तुच्छ आहोत असे मानणे, या एकच गोष्टी नव्हेत.

गोव्याचा इतिहास याहून बोचरा आहे. १५६० मध्ये तिथे धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. सत्य आपल्या ताब्यात आहे अशा खात्रीने माणसांना कोठडीत घातले गेले. त्याच भूमीत, त्याच काळात, १५७९ मध्ये आलेला इंग्लिश जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचत होता. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. एकीकडे ऐकणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या छंदात शिरून सांगितलेले सत्य, दुसरीकडे शिक्षेच्या धाकाने वदवलेले. धाकाने वदवलेली कबुली सुटका देऊ शकत नाही, हे ख्रिस्ती सिद्धान्ताप्रमाणेच सिद्ध आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या सदस्यांच्या हातून सत्याच्या नावाखाली झालेल्या जुलमांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली.

सुटका झालेल्या माणसालाही सत्य एकदम सगळे दिसत नाही. जॉन न्यूटन या इंग्लिश खलाशाला १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात देव आठवला आणि आपले जीवन तिथून पालटले, असे तो मानत असे. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. वर खलाशांसाठी प्रार्थना चाले आणि खाली तळघरात साखळदंडांत माणसे असत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे. पुढे धर्मगुरू होऊन ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने लिहिले. आफ्रिकी गुलामव्यापाराचा निषेध करणारी पुस्तिका मात्र १७८८ मध्ये आली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. न्यूटनला ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यापेक्षा त्याच्याकडून हे शिकावे, की ज्या पापावर सगळ्या समाजाचे पोट चालते ते पाप प्रामाणिक प्रार्थनेतही नजरेतून निसटते. जात, हुंडा, मजुरी यांविषयी आपल्या मंडळ्यांनी हा धडा गिरवण्याजोगा आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. स्वतःच्या पतितपणाची निर्भीड कबुली आणि पतिताला पावन करणाऱ्या देवाचा धावा, हे दोन्ही वारकरी संतांच्या अभंगांतून त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते उगीच नव्हे. तरीही साम्यावर समाधान मानून भेद पुसू नयेत. कर्मविपाकाचा हिशोब आणि कृपेची क्षमा, मोक्षाची पुनर्जन्मातून सुटका आणि ख्रिस्ती आशेचे देहासह पुनरुत्थान, यांत खरे अंतर आहे. ते अंतर आदराने मोजणारा वाचक या पुस्तकाने गृहीत धरला आहे. त्याने काही स्वीकारावे अशी अट घातलेली नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला शास्त्राचा, दुसरा इतिहासाचा आणि तिसरा आचाराचा: पापनिवेदन, क्षमा, भरपाई. घाई असलेल्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, कारण सिद्धान्ताची परीक्षा तिथेच होते. यरीहोचा जकातदार जक्कय हे त्या भागाचे मुख्य पात्र. येशू कोणतीही अट न घालता त्याच्या घरी उतरला. त्यानंतर जक्कय उठून उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले. कृपा आधी आली, हिशोब नंतर झाला; पण तो झाला. माझ्या पापांची क्षमा झाली, असे म्हणणाऱ्या कुणाहीबद्दल शंका आली, तर त्याला सिद्धान्त विचारत बसू नये. त्याने ज्यांना लुबाडले त्यांच्या हाती काय परत आले, ते जाऊन पाहावे.